रेकॉर्डने तहान लावली, गाणे गुरूने दिले

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात आज शास्त्रीय गाणे ऐकायला खिशातला मोबाइल पुरतो. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व, ज्याचे हवे त्याचे गाणे लागते. संगीताच्या परीक्षांची सोय झाली आहे. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही मुलांना क्लासला घालतात. तरीही या वाटेने मैफलीचा गायक क्वचितच तयार होतो. असे का होते? उत्तरासाठी पंडित भीमसेन जोशी यांची उमेदवारीची वर्षे पाहायला हवीत.

अकराव्या वर्षी सोडलेले घर

४ फेब्रुवारी १९२२ रोजी जन्मलेला भीमसेन हा गदगमधील एका शिक्षकाचा मुलगा. लहानपणी त्याने उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि असे गाणे आपल्यालाही यावे, हा ध्यास घेतला. १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. विजापूर, पुणे करत ग्वाल्हेरला पोहोचला आणि तिथल्या माधव संगीत विद्यालयात शिकला. पुढे उत्तर भारतात फिरत राहिला. अखेर वडिलांना तो जालंधरला सापडला.

१९३६ मध्ये सवाई गंधर्वांनी त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, खुद्द अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. ज्यांच्या रेकॉर्डमुळे मुलगा घराबाहेर पडला होता, त्यांचीच गायकी त्याला अशी घराजवळच्या कुंदगोळात मिळाली. रेकॉर्ड तीच होती, कानही तेच होते. मधल्या काळात गरज होती ती समोर बसून चूक दाखवणाऱ्या माणसाची.

पहिल्या मैफलीनंतर

१९४१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, भीमसेन प्रथम जाहीर मैफलीत गायले. पुढे रेकॉर्ड निघाल्या. १९४३ मध्ये ते मुंबईला गेले आणि रेडिओवर गाऊ लागले. जानेवारी १९४६ मध्ये गुरूंच्या साठीनिमित्त पुण्यात झालेल्या मैफलीने त्यांचे नाव सर्वदूर झाले. घर सोडल्यापासून इथवर तेरा वर्षे गेली. गुरूंच्या निधनानंतर १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, तो भीमसेनजींनी अनेक वर्षे सांभाळला. २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झाले. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले.

या प्रवासात मुलाची जिद्द आहेच. पण गुरूचे घर, रेडिओचे काम आणि बोलावणारे श्रोते ही तिन्ही नसती, तर ती जिद्द कुठवर टिकली असती?

आपल्याकडची वाट

मराठवाड्यातून हे घडू शकते, याचा पुरावा पंडित नाथराव नेरळकर. नांदेडच्या मातीतला हा गायक अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकला. पुढे तेव्हाच्या औरंगाबादेत सरस्वती भुवन महाविद्यालयात त्यांनी संगीत शिकवले. मैफल आणि वर्ग दोन्ही सांभाळत शिष्य घडवले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. अध्यापनाची नोकरी आणि मैफल यांची सांगड घातली, तर मराठवाड्यात राहूनही गाणे टिकते आणि पुढच्या पिढीकडे जाते, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

परीक्षा आणि मैफल यांत फरक काय?

परीक्षेत मूठभर राग ठरलेले असतात आणि समोर परीक्षक असतो. मैफलीत विलंबित ख्याल अर्धा-पाऊण तास मांडायचा असतो. त्यासाठी जिवंत तबला लागतो. मोबाइलवरचा तबला ठेका देत राहतो, पण गायक कुठे थांबला, कुठे समेवर येऊ पाहतो, हे त्याला कळत नाही. हार्मोनियमवाल्याने उचललेला सूर आणि श्रोत्यांतून आलेली दाद यांतूनही गायक शिकतो. हे शिक्षण वर्गात मिळत नाही. त्यासाठी वारंवार लोकांसमोर बसावे लागते आणि तालुक्याच्या गावात ती संधीच नसते.

कोणी म्हणेल, गावात हे ऐकणार कोण? पण ज्या भागात लोक रात्र-रात्र भजनाला बसतात आणि मृदंगाची एक मात्रा चुकली तरी ओळखतात, तिथे कान नाहीत, असे कसे म्हणावे? भीमसेनजींचे अभंग इथल्या घराघरांत वाजले, ते याच कानांमुळे. ख्यालाशी त्यांची गाठ कधी घालून दिली गेली नाही, एवढेच.

काय करता येईल?

नांदेडला 'संगीत शंकर दरबार' भरतो. मोठे कलावंत येतात, ही जमेची बाजू. पण वर्षातून एकदा होणाऱ्या उत्सवावर गायक घडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी महिन्याला एक छोटी बैठक हवी. शाळेचा हॉल किंवा मंदिराचा सभामंडप, एक सतरंजी आणि पन्नास माणसे एवढ्यावर ती होते. आधी गावातल्या विद्यार्थ्याने वीस मिनिटे गावे, मग बाहेरच्या कलावंताने. महोत्सवाला आलेल्या एखाद्या कलावंताने दुसऱ्या दिवशी तालुक्यात दोन तास मुलांना शिकवले, तर त्याचा उपयोग पुढे वर्षभर होईल.

आणि मानधन. लग्नातल्या डीजेचे पैसे आपण आधी ठरवतो, गायकाच्या हाती मात्र शाल-श्रीफळ ठेवून निरोप देतो. गायक आणि तबला-हार्मोनियमचे साथीदार, तिघांचेही पैसे ठरवून दिले पाहिजेत. नगर परिषद, महाविद्यालये आणि व्यापारी मंडळी मिळून हा खर्च सहज उचलू शकतात.

अकरा वर्षांच्या मुलाला १९३३ मध्ये गाण्यासाठी घर सोडावे लागले. आज तसाच कान असलेली एखादी मुलगी मुखेड परिसरात मोबाइलवर तेच गाणे ऐकत असेल. वाढीव गुण मिळाले की तिचे गाणे सुटेल, की दहावीनंतरही सुरू राहील? हे तिच्या आवाजाइतकेच आपण तिला गुरू, साथीदार आणि श्रोते देतो की नाही, यावर ठरणार आहे.