डिस्क गेली, असे म्हणण्याआधी

घरच्या म्युझिक सर्व्हरवरची गाण्यांची यादी एका सकाळी कोरी दिसते आणि घरात लगेच निकाल लागतो : हार्ड डिस्क गेली. मग कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरा निकाल मिळतो : फॉरमॅट मारावी लागेल. हे दोन्ही निकाल बहुतेक वेळा पुरावा पाहण्याआधीच दिलेले असतात, असे माझे म्हणणे आहे. संशय आधी विजेवर घ्यावा, मग वायरीवर, मग डिस्कवरच्या नोंदींवर आणि खुद्द डिस्कवर सगळ्यात शेवटी. आणि तोवर तिच्यावर एक अक्षरही नवे लिहू नये. जालना जिल्ह्यात हा आग्रह धरायला कारण आहे. इथल्या घरांतल्या जुन्या कॅसेटांमध्ये केवळ सिनेमाची गाणी नाहीत. गावच्या सप्ताहातली कीर्तने आहेत, भजनी मंडळांची रात्रभर चाललेली भजने आहेत, भीमजयंतीचे गायन आहे, आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या आहेत, अंबडच्या दत्तजयंती महोत्सवातल्या मैफिली आहेत. पुढच्या पिढीने हौसेने ते सगळे संगणकावर घेतले आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला जोडलेल्या एकाच डिस्कवर ठेवून दिले.

ही खिशात मावणारी डिस्क स्वतःचा अडॅप्टर घेऊन येत नाही. तिला लागणारी वीज ती यूएसबीच्या वायरीतूनच घेते. रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी खाचा मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात. डिस्कची तबकडी फिरायला सुरुवात होते तेव्हा क्षणभर एक अँपिअरच्या आसपास ओढ लागू शकते. शेजारी आवाजासाठीचे डॅक नावाचे एखादे उपकरण लावलेले असेल, पायला मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक वायर असेल, तर पाच व्होल्टचे साडेचार व्हायला वेळ लागत नाही. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय पडद्यावर विजेचे चिन्ह दाखवतो. पण म्युझिक सर्व्हरला पडदाच नसतो, म्हणून तो इशारा कुणी पाहत नाही. तो यंत्राच्या नोंदीत पडून राहतो, आणि डिस्क मात्र टक् टक् करून बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा नाहीशी होते. पाय ५ घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. त्याला पाच अँपिअरचा अडॅप्टर दिला नाही, तर सगळ्या यूएसबी खाचांना मिळून तो ६०० मिलिअँपिअरच देतो. नवे यंत्र आणून जुनाच अडॅप्टर लावला की कालपर्यंत चालणारी डिस्क आज चालत नाही, आणि दोष डिस्कच्या माथी येतो. खरी परीक्षा पाच मिनिटांची आहे : तीच डिस्क आखूड वायरीने लॅपटॉपला लावावी. गाणी अडखळता वाजली तर डिस्क बहुधा शाबूत आहे. गरज आहे ती चांगल्या अडॅप्टरची किंवा स्वतःची वीज घेणाऱ्या हबची.

आपल्याकडे विजेचा दोष म्हटले की लोक भिंतीतल्या दाबाकडे बोट दाखवतात. तो दाब थोडा कमीजास्त झाला तरी बरा अडॅप्टर सांभाळून घेतो. घात होतो तो वीज अचानक गेल्याने. इन्व्हर्टर वीज बदलून घेतो तेव्हा पंख्याला फरक जाणवत नाही, पण तेवढ्या फटीत पाय बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. त्या क्षणी लिहिणे चालू असेल तर फाइलींची नोंद अर्धवट राहते. एनटीएफएस पद्धतीची डिस्क मग ‘नीट बंद केली नव्हती’ अशी खूण बाळगते, आणि लिनक्स ती उघडायला नकार देते किंवा फक्त वाचायला देते. एक्सफॅटला तर अशा वेळी सावरून घेणारी रोजनिशीच नसते. कधी त्याहून साधी गोष्ट घडते : पुन्हा जोडल्यावर डिस्कला यंत्राकडून वेगळे नाव मिळते आणि सर्व्हर जुन्याच पत्त्यावर गाणी शोधत बसतो. डिस्कच्या कायमच्या ओळखक्रमांकाने ती जोडली की हा घोळ संपतो. या प्रकारांत गाणी सहसा पुसली गेलेली नसतात. त्यांना खरा धोका फॉरमॅटचा असतो.

डिस्क कधी खरोखर मरतही असते, हे मान्यच आहे. लॅपटॉपवरही तीच टकटक ऐकू येत असेल, एकाच फाइलपाशी सगळे अडकत असेल, डिस्कच्या स्वतःच्या ‘स्मार्ट’ तपासणीत खराब विभागांचा आकडा वाढत असेल, तर दुरुस्तीची आज्ञाही देऊ नये. आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने जेवढे वाचता येईल तेवढे दुसऱ्या डिस्कवर उतरवावे आणि मगच त्या प्रतीवर प्रयोग करावेत.

आता सगळेच ऑनलाइन मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. सिनेमाच्या गाण्यांपुरते ते खरे आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावला १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात, कारण हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पाने त्या गोळा करून जपल्या. आपल्या घरच्या कॅसेटमागे असे कुणी उभे नाही. दुसरा आक्षेप एसएसडी घ्या असा. ती वीज सहसा कमी ओढते, पडली तरी सहज मोडत नाही, म्हणून जरूर घ्यावी. पण ती बिघडते तेव्हा कित्येकदा टकटक न करताच जाते. सर्व्हरला जोडलेल्या दोन डिस्कवर एकच मजकूर आपोआप ठेवण्याची सोयही पुरी पडत नाही, कारण चुकून पुसलेले दोन्हीकडून पुसले जाते. प्रत वेगळ्या जागीच हवी. जालना जिल्ह्यातल्याच जांबेत १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आणि त्यात अक्षराच्या वळणाबरोबर पोथी जपायची बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलुपेही सांगितली. तरीही त्यांचे वाङ्मय केवळ पेट्यांमुळे टिकले नाही. मठामठांतून त्याच्या नकला झाल्या होत्या, म्हणून समर्थ साहित्याचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांना धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात एवढी हस्तलिखिते जमवता आली.

खर्चाचा आक्षेप मात्र मनापासून ऐकावा असा आहे; पाऊस हुकला की या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दुसरी डिस्क ही चैनच वाटणार. पण सगळ्याची प्रत कशाला करायची? विकत मिळणारी गाणी सोडून द्यावीत आणि फक्त घरची ध्वनिमुद्रणे निवडावीत. साठ मिनिटांच्या दोनशे कॅसेट सीडीच्या दर्जाने घेतल्या तर सुमारे १२७ जीबी होतात, दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्मे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्कवरही ते सहज मावते. ती दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीच्या बॅगेत द्यावी, तिने ती पुढच्या दिवाळीला परत आणावी आणि नवी भर घालण्याआधी ती लॅपटॉपला लावून एखादी ओवी खरोखर वाजते का, ते सगळ्यांनी बसून ऐकावे.