‘समजून द्या’ : किरकोळ कामाच्या किमतीविषयी

आमच्या किन्हीराजात दिवाळी सरली की पहाटेच्या गार हवेबरोबर गरम पाण्याचा प्रश्न येतो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले हे गाव. मागच्या पिढीपर्यंत येथे पाणी तापे ते तांब्याच्या बंबात, नाहीतर चुलीवरच्या हंड्यात. बंब बिघडत नसे. फार तर गळे, आणि मग त्याला डाख लावून घ्यावा लागे. आता बऱ्याच घरांत विजेचा गिझर आहे, आणि तो मात्र बिघडतो. कूपनलिकेचे पाणी जड. ते तापले की त्यातले क्षार कॉइलवर पांढऱ्या थराने बसत जातात, थर जाड झाला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि कॉइल आतल्या आत जळून जाते. दुरुस्ती तशी किरकोळ. पण या किरकोळ दुरुस्तीची किंमत कशी ठरते, हा प्रश्न मला वाटला होता तितका किरकोळ निघाला नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमचा गिझर बंद पडला. मिस्त्री आले. त्यांनी वीज बंद केली, टाकीतले पाणी सोडले, झाकण उघडले आणि क्षणभर पाहून म्हणाले, “कॉइल गेली.” दुकानातून कॉइल आणि रबरी गॅसकेट आणून त्यांनी खार खरवडला, जोडणी केली, पाणी गरम होईपर्यंत थांबले. पैसे विचारले तेव्हा म्हणाले, “कॉइलचे साडेसहाशे झाले. मजुरीचं तुमाले काय सांगाव सर, समजून द्या.” मी समजून दोनशे दिले. आठवड्याने मालेगावच्या बाजारात तशीच कॉइल साडेचारशेला मिळते, असे मला कळले. आपण फसवलो गेलो असे वाटून मी ती हकिगत शाळेत सहकाऱ्यांना रंगवून सांगितली. लहान गावात अशी गोष्ट ज्याच्याविषयी असते त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. त्यानंतर मी दोनदा फोन केला. मिस्त्री दोन्ही वेळा “पाहतो सर” म्हणाले आणि आले नाहीत.

हिशेब मी त्यानंतर मांडला. खरे तर तो सांगत सुटण्याआधी मांडायला हवा होता. हातातले काम सोडून येणे, गाडीचे पेट्रोल, दुकानाची खेप, आठवड्याभरात गळती लागली तर फुकट येऊन पाहण्याची अलिखित जबाबदारी, पाणी आणि वीज एकत्र असलेल्या जागी हात घालण्याचा धोका, आणि एका नजरेत ‘कॉइल गेली’ हे ओळखण्याची विद्या. नव्या घराची नळजोडणी असेल तर पॉइंटमागे दर ठरतो आणि हे सारे खर्च त्या मोठ्या रकमेत विरघळून जातात. किरकोळ कामात त्यांना विरघळायला जागा नसते. काम जितके लहान, तितका न दिसणाऱ्या खर्चाचा वाटा मोठा. मोठ्या शहरांत घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या दरपत्रक छापतात आणि नुसते येऊन पाहण्याचेही पैसे लावतात. आमच्याकडे तसे कुणी मागितले तर “नुसतं पाहिलं, त्याचे कसले पैसे?” असा प्रश्न येईल. मग मिस्त्री काय करतो? ज्या गोष्टीचे पैसे द्यायला आपण कुरकुरत नाही, तिच्यात तो उरलेले सारे घालतो. वस्तू हातात धरता येते, तिचे खोके दिसते. म्हणून विद्येची किंमत कॉइलच्या किमतीत दडते.

अर्थशास्त्रज्ञांना हा पेच परिचित आहे. डार्बी आणि कर्नी यांनी 1973 साली अशा सेवांविषयी लिहिले, ज्यांची गरज खरोखर होती की नाही हे सेवा घेतल्यानंतरही ग्राहकाला धडपणे कळत नाही. दुरुस्तीची कामे हे त्यांचे ठळक उदाहरण. माझी जुनी कॉइल खरोखर जळली होती का, हे मी आजही सांगू शकणार नाही. जिथे निदान करणारा आणि इलाज विकणारा एकच असतो, तिथे फसवणुकीला वाव राहतो, हे खरेच आहे. पण निदानाचे पैसे द्यायला नकार देऊन तो वाव आपणच वाढवतो. निदानाचे काही मिळणार नसेल, तर इलाज विकल्यावाचून मिस्त्रीचा दिवस भरत नाही.

आपण साहित्याची माणसे; तेव्हा शब्दांकडे पाहू. कामाच्या मोबदल्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! डॉक्टर आणि वकील फी घेतात, पुरोहित दक्षिणा, गायक बिदागी, लेखक मानधन, प्राध्यापक वेतन आणि शेतात राबणारा मजुरी. काम करणाऱ्याची पायरी कोणती, हे शब्द ऐकताच कळते. डॉक्टरांनी तपासून “काही झालेले नाही” असे सांगितले तरी आपण तपासणीची फी देतो, आणि समाधानाने देतो. मिस्त्रीही निदानच करतो, पण भाषेने त्याच्या पदरात मजुरी हा एकच शब्द टाकला आहे, आणि मजुरी म्हटली की किती वेळ राबला, किती घाम गाळला एवढेच मोजले जाते. त्यामुळे काम जितके सफाईने आणि लवकर उरकेल तितका मोबदला आपल्याला जास्त वाटतो. अनाडी माणूस दोन तास खटपट करील तर त्याला आपण चहाही देऊ.

‘समजून द्या’ या शब्दांमागे आणखी जुने काही आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या 1915 सालच्या ग्रंथात बलुत्याची व्यवस्था तपशिलाने आली आहे. सुताराने, लोहाराने वर्षभर कुणब्याची औते नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा. दर कामाला वेगळी किंमत नाही. यात एक सोय होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. किरकोळ दुरुस्तीसाठी कारागिराला बोलवताना कुणाला खिसा चाचपावा लागत नव्हता. पण वाट्याचे माप देणाऱ्याच्या हातात राहात असे, आणि घेणाऱ्याला खळ्यावर जाऊन उभे राहावे लागे. ज्यांना हे उभे राहणे सर्वांत अपमानास्पद होते, त्यांच्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे, ही त्यातली एक तरतूद होती. ठरलेल्या रकमेचा आग्रह हा तेथे नुसता पैशाचा प्रश्न नव्हता. 1978 साली दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा त्या एका शब्दात काय काय साठले होते, ते आपण वर्गात शिकवतोच. सुताराचे बलुते आणि महाराचे बलुते यांत फार अंतर होते, आणि आजचा मिस्त्री त्यांपैकी कुणाचाच वारस असेल असे नाही. पण रक्कम देणाऱ्याने ठरवायची आणि घेणाऱ्याने ती मान खाली घालून मोजायची, ही रीत मात्र खळ्यावरून आमच्या न्हाणीघराच्या दारापर्यंत आली आहे.

हा पेच फक्त खेड्याचा किंवा फक्त कारागिराचाही नाही. समीक्षेच्या इतिहासातला एक प्रसिद्ध खटला आठवावा. जॉन रस्किन यांनी व्हिसलर या चित्रकाराच्या एका चित्राची 200 गिनी ही किंमत म्हणजे निर्लज्जपणा आहे, अशा आशयाची टीका केली. व्हिसलरने दावा लावला. 1878 साली लंडनच्या न्यायालयात त्याला विचारण्यात आले, की दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे मागता का? आपण आयुष्यभराच्या ज्ञानाचे पैसे मागतो, असे त्याचे उत्तर होते. तो खटला जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले. व्हिसलरचे हे उत्तर आपण कौतुकाने सांगतो. तेच उत्तर पाना-पक्कड घेऊन आलेला माणूस देईल तर आपल्याला तो शहाणपणा वाटेल की उद्धटपणा?

कुणी म्हणेल, ‘समजून द्या’मध्ये ओलावा आहे, एकट्या म्हातारीकडून मिस्त्री काही घेत नाही, ते या मोकळेपणामुळेच. हे मी पाहिलेले आहे आणि मला ते मोलाचे वाटते. परंतु सूट द्यायची तर आधी किंमत असावी लागते. मिस्त्रीने तीनशे सांगून म्हातारीला “राहू द्या, आजी” म्हटले, तर ते त्याचे औदार्य ठरते. किंमतच नसेल तर ते औदार्य कुणाला दिसत नाही आणि माझ्यासारख्या पगारदाराचा चिकटपणाही दिसत नाही. माझे दोनशे ‘समजून’ दिलेले होते. काय समजून, हे मला कुणी विचारले नाही.

आपल्या क्षेत्रातही हेच चालते. व्याख्यानाला बोलावताना आपण मानधनाचा आकडा सांगत नाही, बोलावलेला विचारत नाही, आणि शेवटी शाल-श्रीफळावर सारे भागते. विचारणे कमीपणाचे वाटते. मिस्त्रीलाही तेच वाटत असणार. फरक इतकाच, की आपल्यापैकी अनेकांच्या खात्यात महिनाअखेर वेतन जमा होते.

या हिवाळ्यात गिझर पुन्हा गळू लागला. मी मिस्त्रींच्या घरी गेलो, कॉइलची गोष्ट चारचौघांत बोललो ते चुकलेच, असे सांगितले, आणि येऊन पाहण्याचे किती घेणार ते आधी विचारले. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. मग म्हणाले, “पाहाचे शंभर. काम निघालं तं येगळे.” ते आले, गॅसकेट नीट बसली नव्हती, ती बसवून पाच मिनिटांत निघाले. नवे काहीच घालावे लागले नाही. शंभराची नोट देताना माझा हात किंचित अडखळला, हे कबूल करायला हवे.