मडके वाजवून घ्यावे

दिवाळी जवळ आली की ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या तिन्ही स्टेशनांबाहेरच्या रस्त्यांवर लाल मातीच्या पणत्यांचे ढीग दिसू लागतात. संक्रांतीला सुगडे, उन्हाळ्यात माठ, नवरात्रात घट आणि दिवाळीत पणत्या व बोळकी. आपले सारे वर्षच कुंभाराच्या चाकाभोवती फिरते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. हल्ली या यादीत दोन नव्या वस्तूंची भर पडली आहे. एक म्हणजे हाताने घडवलेले, रंगीत झिलईचे कप आणि वाडगे, आणि दुसरी म्हणजे सुगंधी मेणबत्त्या. प्रदर्शनांत, महाविद्यालयांच्या आनंदमेळ्यांत आणि इन्स्टाग्रामवर त्यांची मोठी चलती आहे. ‘हस्तनिर्मित’ एवढा एक शब्द लिहिला की वस्तूला जणू पावित्र्य येते आणि मग तिच्याविषयी कोणी काही विचारीत नाही. हे न विचारणेच मला खटकते, आणि म्हणून हा लेख.

या विषयावर लिहिण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी म्हणेल. माझे वडील कल्याणच्या बाजार समितीत हमाली करतात. आई शेजारच्या चार बायकांबरोबर घरी मेणबत्त्या ओतते. मेण, साचे आणि वाती व्यापारी आणून देतो, मजुरी डझनावर मिळते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे रात्री मी इतिहासाच्या नोट्स काढत असते तेव्हा शेजारी स्टोव्हवर मेणाचे पातेले असते. आईच्या उजव्या मनगटावर गरम मेणाचा एक जुना डाग आहे. ‘हस्तनिर्मित’ या शब्दातला हात मला असा रोज दिसतो, एवढाच माझा अधिकार.

अशा वस्तू घेणारे लोक मला दोन प्रकारचे दिसतात. पहिला घासाघीस करणारा. हॉटेलात दोनशे रुपयांचे बिल निमूटपणे देणारा हा गृहस्थ पणतीवाल्या म्हातारीशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटे हुज्जत घालतो. दुसरा दयाळू. तो भाव करीत नाही, ‘बिचाऱ्यांना तेवढीच मदत’ म्हणून पैसे देतो, वस्तू पिशवीत टाकतो आणि घरी जाऊन विसरतो. पहिल्याची नजर पैशावर असते, दुसऱ्याची स्वतःच्या पुण्यावर. वस्तूकडे दोघेही पाहत नाहीत. आई एकदा मला म्हणाली, “माझी मेणबत्ती चांगली असेल तर घ्यावी, नसेल तर ठेवून द्यावी. पण बघून तरी घ्यावी की!” माझ्या मते हस्तकलेवरच्या सगळ्या भाषणांचे सार या एका वाक्यात आले.

बघून घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे हाती घेतले, जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक टोला हाणला आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवले. प्रत्यक्ष नामदेवांनाही ही परीक्षा चुकली नाही. उलट त्यातूनच त्यांना विसोबा खेचरांसारखे गुरू लाभले. आपल्या आज्या माठ घेताना आजही बोटाच्या सांध्याने तो वाजवून पाहतात. नीट भाजलेला माठ खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. यात कुंभारावर अविश्वास नसतो. कुंभार स्वतःच माठ वाजवून पुढे करतो.

परंतु नव्या वस्तूंच्या बाबतीत केवळ वाजवून भागत नाही, कारण त्यांतला दोष कानाला ऐकू येत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. साधी लाल माती सुमारे नऊशे ते हजार अंश सेल्सियसला भाजतात. तिला बारीक छिद्रे राहतात, म्हणून माठातले पाणी झिरपून गार होते. कपाला किंवा वाडग्याला मात्र वरून काचेसारखा लेप असतो. त्याला झिलई म्हणतात, कारागिरांच्या बोलीत ग्लेझ. बाराशे अंशांच्या वर भाजलेल्या भांड्यावर ही झिलई एकजीव होते. कमी उष्णतेच्या भट्टीत ती वितळावी आणि चमकावी म्हणून मात्र पूर्वापार तिच्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत जगभर होती, आणि काही ठिकाणी ती अजूनही गेलेली नाही. मेक्सिकोत अशा झिलईच्या भांड्यांमुळे माणसांच्या रक्तात शिसे गेल्याचे वारंवार आढळले आहे. दही, चिंच, कोकम, लिंबू यांसारखा आंबट पदार्थ अशा भांड्यात ठेवला की शिसे त्यात उतरते. आपल्या स्वयंपाकात तर आंबटाशिवाय पान हलत नाही! शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वांत अधिक होतो.

म्हणून झिलईचे भांडे घेताना एक साधा प्रश्न विचारावा: “हे जेवणाखाण्याचे आहे की शोभेचे?” विकणारा ठामपणे सांगू शकला नाही तर ते भांडे शोभेचे समजावे, त्यात फुले ठेवावीत, लोणचे ठेवू नये. झिलईला केसासारख्या चिरा गेल्या असतील किंवा तिचे पापुद्रे सुटत असतील, तर ते भांडे जेवणातून काढावे. सोनेरी कडेचा कप मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. बिनझिलईचे मातीचे भांडे प्रथम पाण्यात भिजवावे, मंद आचेवर चढवावे आणि गरम असताना त्यावर गार पाणी ओतू नये, ते तडकते.

पणतीचेही तेच. कोरी पणती आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवली की ती तेल कमी पिते, हे घरोघरी ठाऊक आहे. पण आता पणत्यांना आतूनसुद्धा तैलरंग आणि सोनेरी पावडर फासतात. तो रंग तेलात भिजतो आणि ज्योतीच्या तोंडाशी तापतो. भारतात २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या वर असता कामा नये. नियम चांगला आहे, परंतु पणतीवर कोणत्या डब्यातला रंग लागला हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. रंगवलेली पणती घ्यायचीच असेल तर बाहेरून रंगवलेली घ्यावी, आतली माती कोरी असावी.

आता मेणबत्तीकडे येऊ. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तरुण श्रोत्यांपुढे केवळ मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्याने दिली होती. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. हे एकदा समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. वात लांब राहिली तर ज्योत मोठी होते आणि काजळी धरते, म्हणून पेटवण्यापूर्वी वात सुमारे अर्धा सेंटीमीटर ठेवून कापावी. पाच-सहा मेणबत्त्या अगदी चिकटून लावल्या तर एकीच्या उष्णतेने दुसरी वितळते, म्हणून त्यांच्यात चार बोटांचे तरी अंतर हवे. काचेच्या पेल्यातली मेणबत्ती तळाशी बोटभर मेण उरले की विझवावी, नाहीतर तापलेला पेला तडकतो. झिलई नसलेली मातीची वाटी मेण पिते, म्हणून तिच्यात मेणबत्ती ओतलेली असेल तर ती लाकडी टेबलावर ठेवू नये. वातीत धातूची तार दिसली तर ती पांढऱ्या कागदावर घासून पाहावी. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती शिशाची असण्याचा संभव आहे. अशा वातींवर अमेरिकेने २००३ साली बंदी घातली.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तापलेले मेण पेटले तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती जळते मेण चहूकडे उडवते. आच बंद करून वर झाकण ठेवावे. मेण हातावर सांडले तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात वीस मिनिटे धरावा, चिकटलेले मेण ओरबाडू नये, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. आमच्यासारख्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पडदा, गादी, ओढणी आणि वही हाताच्या अंतरावर असतात, तिथे जळती मेणबत्ती सोडून झोपणे म्हणजे साऱ्या चाळीशी खेळ आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावर बसणाऱ्या गरीब बाईला तुम्ही शिशाबद्दल आणि भट्टीच्या उष्णतेबद्दल विचारणार काय? तिने प्रयोगशाळेचा दाखला आणायचा कुठून? अशाने गिऱ्हाईक कारखान्याच्या मालाकडे जाईल आणि हातावर पोट असलेली माणसे उपाशी मरतील. हा विचार माझ्याही मनात अनेकदा आला, कारण उपाशी मरणाऱ्यांच्या त्या यादीत माझेच घर पहिले आहे.

पण थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की विषारी वस्तू वापरणाऱ्याच्या आधी ती बनवणाऱ्याला बाधते. शिशाची झिलई कालवणारा हात कारागिराचा असतो, आणि घर हाच कारखाना असला की तिथे रांगणारे मूलही कारागिराचेच असते. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. तिथे राहणे आणि भट्टी लावणे एकाच अंगणात चालते, आणि चिंध्या व कापसाचा कचरा जाळून भट्टी पेटवली की तो धूर आधी त्यांच्याच घरात शिरतो. आमच्या खोलीत सुगंधी तेलाचा उग्र वास आला की आधी आईचे डोके धरते, गिऱ्हाइकाचे नव्हे. म्हणजे ‘यात काय घातले आहे?’ हा प्रश्न कारागिराच्या विरुद्ध नाही. आई व्यापाऱ्याला तो विचारू शकत नाही, कारण ती बोलली तर काम दुसऱ्या बाईकडे जाईल. गिऱ्हाइकाने विचारला तर मात्र व्यापाऱ्याला उत्तर शोधावेच लागेल.

तेव्हा प्रश्न कोणाला विचारायचा याचा विवेक हवा. साध्या लाल पणत्या विकणाऱ्या म्हातारीला काही विचारण्याची गरज नाही. पणती वाजवून घ्यावी आणि सांगेल तो भाव द्यावा. आठशे रुपयांना कप विकणाऱ्या दुकानाने मात्र त्याची तपासणी केलेली असली पाहिजे. ज्याचा नफा मोठा, त्याची जबाबदारी मोठी.

महाबळेश्वरचे भावेश भाटिया स्वतः दृष्टिहीन असून त्यांनी मेणबत्त्यांचा उद्योग उभा केला आणि अनेक दृष्टिहीनांना त्यात काम दिले. त्यांची मेणबत्ती घेताना कुणाचे डोळे ओले होत असतील तर होवोत. पण ती सरळ जळते का, तिची वात मध्यभागी आहे का, हे पाहणारे गिऱ्हाईक मला अधिक सभ्य वाटते. ते त्या कारागिराला आपल्या बरोबरीचा मानते.

आता थोडे आपल्या महाविद्यालयाविषयी. दिवाळीपूर्वी आपण आनंदमेळा भरवतो, त्यात पणत्या, कप आणि मेणबत्त्या असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी यंदा प्रत्येक वस्तूला मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी लावावी, अशी माझी सूचना आहे. त्या चिठ्ठीवर तीनच ओळी असाव्यात: वस्तू कशाची केली आहे, ती खाण्याची की शोभेची, आणि वापरताना काय जपावे. ज्या वस्तूची माहिती मिळणार नाही तिच्यावर ‘फक्त शोभेसाठी’ असे सरळ लिहावे. भाव ठरलेला असावा, आणि त्यातले किती पैसे करणाऱ्याच्या हातात पडतात तेही लिहावे. याला ना मोठा खर्च येतो, ना प्रयोगशाळा लागते. माहिती गोळा करण्याच्या निमित्ताने आपल्यापैकी काही जण वस्त्यांत जातील, चाकासमोर आणि मेणाच्या पातेल्यासमोर बसतील, हा फायदा वेगळाच.

प्राध्यापक आम्हाला वर्गात सांगतात की वाचलेले तपासून घ्या, कोणाचेही म्हणणे परीक्षेवाचून स्वीकारू नका. हीच शिकवण वर्गाबाहेर, बाजारात जायला हवी. आईच्या मेणबत्तीलाही त्यातून सूट नको. तिलाही कोणी उलटून पाहावे, वात तपासावी, दोन प्रश्न विचारावेत आणि मग पूर्ण किंमत देऊन ती न्यावी. अशा गिऱ्हाइकाची वाट ती कितीतरी वर्षे पाहते आहे.