डोकी मोजा, पण अंतरही मोजा

"तुमच्या जिल्ह्यात माणसे आहेतच किती?" असे मला कोणी विचारले की मी आकडा सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर "एवढीच?" असे उमटते. माझे भांडण त्या "एवढीच"शी आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला जिल्हा जन्माला आला. चंद्रपूर फार दूर पडते, ही लोकांची अडचण खरीच होती. परंतु अंतराचा प्रश्न तेवढ्याने सुटला का? सिरोंच्याहून गडचिरोली आजही सुमारे दोनशे किलोमीटर आहे. अहेरीचा वेगळा जिल्हा करा ही मागणी वर्षानुवर्षे होते आहे, तिचे मूळ याच रस्त्यात आहे.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि तालुके बारा. म्हणजे सरासरी एकेक तालुका बाराशे चौरस किलोमीटरचा, बृहन्मुंबईच्या जवळजवळ दुप्पट! राज्यात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे, आपल्याकडे ७४. शंभरातले एकोणनव्वद लोक खेड्यांत राहतात, आणि ती खेडी जंगलात विखुरलेली आहेत.

आता सरकारी मापदंड पाहा. सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० मागे. सवलत दिसते खरी. पण हिशेब मांडा. राज्याच्या सरासरी घनतेने ३०,००० माणसे सुमारे ८२ चौरस किलोमीटरांत मावतात. आमची २०,००० माणसे २७० चौरस किलोमीटरांत पसरतात. सवलत देऊनही आमच्या केंद्राच्या वाट्याला तिपटीहून जास्त मुलूख येतो. त्यात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद! अडलेल्या बाळंतिणीला टक्केवारी सांगून काय उपयोग?

कमी पटाच्या शाळांबद्दलही तेच. पट कमी म्हणून शाळा बंद करा, असे म्हणणे शहरात सोपे आहे. तिथे पुढच्या गल्लीत दुसरी शाळा असते. आमच्याकडे पुढची शाळा नाल्यापलीकडे असते. शिवाय कुठे मूल माडिया बोलते, कुठे गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली. दूरच्या वर्गात त्याची भाषा कोण ओळखणार?

कोणी म्हणतील, पैसा मर्यादित आहे. जिथे माणसे अधिक तिथे तो अधिक खर्च व्हावा. हे तत्त्व मला अमान्य नाही. पण नागरिकाचा हक्क शेजाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असावा काय? विरळ वस्तीत राहणे हा गुन्हा नव्हे. हे जंगल राखले गेले ते याच विरळ वस्तीमुळे, आणि त्याचा लाभ साऱ्या राज्याला होतो.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ साठी जाहीर झाली आहे. प्रगणक दारी येतील, डोकी मोजतील. माझे म्हणणे एवढेच की त्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा: या घरापासून दवाखाना, शाळा आणि तहसील कचेरी किती दूर? केंद्र, शाळा, कचेरी कुठे द्यायची हे त्या रकान्यावरूनही ठरावे. तसे न करता उद्या अहेरी जिल्हा झाला तरी पाटी तेवढी बदलेल, पायपीट तशीच राहील.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी होतील. त्या वेळी कागदावर "लोकसंख्या अल्प" असा शेरा मारण्याआधी त्या गावापर्यंत एकदा चालत जा, एवढेच मागणे.