एका मताने जिंकलेली देवी

खंडेनवमीच्या दिवशी भोसरी एमआयडीसीतून एक चक्कर मारली आहे कधी? नसेल तर यंदा माराच. एरवी कटिंग ऑइलच्या वासाने भरलेल्या शेडमध्ये त्या दिवशी झेंडू आणि उदबत्तीचा वास असतो. लेथ, ड्रिल, पॉवर प्रेस, सीएनसी, सगळं पुसून लख्ख. मशीनला हार, हळद-कुंकू, आंब्याचा डहाळा, पुढ्यात नारळ. फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू. आणि भिंतीवर देवीचा फोटो. आठ हात, प्रत्येक हातात हत्यार, पायाखाली महिषासुर.

मागच्या वर्षी अशाच एका छोट्या वर्कशॉपमध्ये पूजेला गेले होते. तिथे सीएनसीवर एक मुलगी काम करते, आयटीआय करून आलेली. वर्षभर ऑफसेट तीच टाकते, टूल तीच बदलते, रिजेक्शन आलं तर बोलणी तीच खाते. पूजेच्या दिवशी तिला काम मिळालं रांगोळीचं. मशीनला हार घातला, नारळ फोडला तो सुपरवायझरने. बरं, कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. रांगोळी सुरेख काढली होती, सगळ्यांनी फोटो काढले.

मला मात्र उभ्या उभ्या अथेन्स आठवलं.

हसू नका. ग्रीक देवी तुम्हालाही काही परक्या नाहीत. ‘तुम्ही कोणती ग्रीक देवी?’ असली क्विझ तुम्ही सोडवली असेल, ‘पर्सी जॅक्सन’ वाचलं असेल, ‘गॉड ऑफ वॉर’ खेळला असाल. पायातल्या बुटांवर ज्या नायकेचं नाव असतं, ती ग्रीकांची विजयाची देवी. आणि या सगळ्यांत भाव खाऊन जाते अथेना. शिरस्त्राण, ढाल, भाला. बुद्धीची देवी, युद्धाची देवी. पण तिचं आणखी एक नाव आपल्या पट्ट्यात सांगायलाच हवं: एर्गाने. म्हणजे कामकरीण. विणकर, सुतार, कुंभार, जे कोणी हाताने काही घडवतं त्यांची ही देवी. अथेन्सचे लोहार आणि कारागीर शरद ऋतूत ‘खाल्किया’ नावाचा सण करायचे, अथेनेचा आणि लोहारांचा देव हेफाइस्टस याचा. त्याच दिवशी देवीला नेसवायचं वस्त्र विणण्यासाठी माग लावला जायचा आणि विणायला बसायच्या मुली-बायका. आपल्या भाषेत सांगायचं तर खंडेनवमी आणि मानाची साडी एकाच दिवशी!

आता मुद्द्याची गोष्ट. त्या शहराला अथेनेचं नाव मिळालं कसं? दोन देव दावेदार होते, अथेना आणि समुद्रदेव पोसायडन. एकाने पाण्याचा झरा काढून दाखवला, दुसरीने ऑलिव्हचं झाड. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण वारो नावाच्या रोमन विद्वानाने सांगितलेली आणि पुढे संत ऑगस्टीनने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलेली एक आवृत्ती आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. त्या गोष्टीत निकाल लागला मतदानाने. त्या काळी म्हणे तिथे बायकाही मत द्यायच्या. पुरुषांनी मत दिलं पोसायडनला, बायकांनी अथेनेला. बायका एकाने जास्त होत्या. एका मताने अथेना जिंकली.

पोसायडन खवळला, समुद्र जमिनीवर आला. त्याला शांत करायला पुरुषांनी काय केलं? बायकांना तीन शिक्षा दिल्या. एक, यापुढे त्यांना मत नाही. दोन, कुठलंही मूल आईचं नाव लावणार नाही. तीन, त्यांना कुणी अथेन्सकर म्हणणार नाही.

शहराला देवीचं नाव राहिलं. टेकडीवर तिचं भव्य देऊळ झालं, सोन्या-हस्तिदंताची मूर्ती आली, तिच्या तळहातावर नायके उभी राहिली. आणि जिच्या मतावर हे सगळं झालं, ती बाई घरात गेली.

गोष्ट खरी घडली असेल असं मी म्हणत नाही. अथेन्सच्या बायकांना मताचा अधिकार का नाही, याचं उत्तर म्हणून ती रचली गेली असावी. पण उत्तर किती प्रामाणिक आहे बघा! देवी ताकदवान असली म्हणजे बाई ताकदवान होते असं नाही, हे ती गोष्ट सरळ कबूल करते. आपण ते कबूल करत नाही. नवरात्र आलं की नऊ दिवस नऊ रंग, ‘प्रत्येक स्त्रीत देवी असते’चे स्टेटस, आणि दहाव्या दिवशी सगळं होतं तिथेच. म्हणून म्हणते, अथेन्सच्या त्या तीन शिक्षा घेऊ आणि आपल्या पिंपरी-चिंचवडला लावून बघू. अजून चालू आहेत का संपल्या?

पहिली शिक्षा : मत

ग्रीसमधल्या बायकांना संसदेच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला १९५२ साली. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ची, आणि तिथे पहिल्याच दिवसापासून बाईचं मत पुरुषाच्या मताइतकंच. या बाबतीत आपण अथेनेच्या गावाच्या मागे नव्हतो. आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या १२८ जागांपैकी निम्म्या महिलांसाठी राखीव आहेत.

कागदावर शिक्षा संपली. आता फ्लेक्सकडे बघा. नाव ताईंचं, फोटो भाऊंचा मोठा, आणि नळाची तक्रार असेल तर “साहेबांना फोन करा.” सगळीकडे असंच असतं असं नाही, खमक्या नगरसेविका या शहराने पाहिल्या आहेत. पण अनेक फ्लेक्सवर आजही असंच दिसतं. आणि महापालिका लांब राहिली, घरातलं मतदान आठवा. बारावीनंतर मेकॅनिकल घ्यायचं की नाही, यावर तुमच्या वर्गातल्या किती मुलींचं मत मोजलं गेलं? चारी बाजूंना कारखाने असलेल्या गावात मेकॅनिकलच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या का असतात?

दुसरी शिक्षा : नाव

त्याच पहिल्या निवडणुकीतली एक गोष्ट. मतदार याद्या करताना देशभरात, विशेषतः उत्तरेकडे, लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगाने अशा नोंदी धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळाली. मत होतं, नाव नव्हतं, म्हणून मतही गेलं. पहिली आणि दुसरी शिक्षा एकमेकींना किती चिकटून असतात ते इथे कळतं.

आता चांगली बातमी. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. अथेन्सने आईचं नाव पुसलं, आपण ते लिहायला लागलो. याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण याच महाराष्ट्रात लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचं नवीन नाव लिहिण्याची हौस अजून आहे. आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा! ज्या नावाने दहावीचं सर्टिफिकेट निघालं, डिप्लोमा झाला, पहिला पगार खात्यावर आला, ते नाव तांदळात मिसळून जातं. मग पीएफ, आधार, बँक सगळीकडे दुरुस्त्या करत फिरायचं ते तिनेच. हौसेने करणारी करो. पण ‘तुला चालेल का?’ असं तिला आधी विचारलं जातं का, एवढंच मला विचारायचं आहे.

तिसरी शिक्षा : ‘इथली’ न म्हणणं

ही सगळ्यात अवघड, कारण ती कुठे लिहिलेली नसते. कधीकधी मात्र असते. १९७४ साली टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, पुण्यातल्या कारखान्यासाठी इंजिनीअर हवेत अशी जाहिरात आली. खाली टीप होती: महिलांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि टेल्कोच्या शॉपफ्लोअरवरची ती पहिली महिला इंजिनीअर ठरली. आज आपण तिला सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. आणि आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर-सफारीच्या जुळणीची अख्खी लाइन महिला चालवतात. पोस्टकार्ड ते असेंब्ली लाइन, मधे जवळपास पन्नास वर्षं.

म्हणजे दार उघडलं. पण दार उघडणं वेगळं आणि आत आल्यावर ‘ये, बस’ म्हणणं वेगळं. १९४८च्या कारखाने कायद्याने बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करायला बंदी घातली होती. रात्रभर जागणारी, गोंधळ ऐकणारी देवी आपल्याला चालते, रात्रपाळीची बाई मात्र चालत नव्हती! पुढे नियम सैल झाले. आता तिची संमती, सुरक्षितता आणि ने-आण करायची सोय या अटींवर रात्रपाळी करता येते. मग आपण ती बस चाकणच्या चौकात सोडते की दारापर्यंत, हे विचारायला नको? पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने सक्तीची आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. शेडमध्ये बायकांसाठी वेगळं, कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का, याला तर कायद्याचीही गरज पडू नये.

लातूर, नांदेड, बीड, वाशीमहून आलेल्या कितीतरी मुली मोशी, चिखली, तळवड्यात कॉट बेसिसवर राहतात आणि हार्नेसच्या, पॅकिंगच्या, इन्स्पेक्शनच्या लाइनवर उभ्या असतात. गावाकडे त्या ‘पुण्याला असते ती’, आणि इथे ‘गावाकडची’. कंपनीत विचाराल तर ‘कॉन्ट्रॅक्टची’. ही तिसरी शिक्षा मुलांनाही सुटलेली नाही, मान्य. पण मुलीला ती दोनदा होते.

रेणुकेचा निकाल

तुम्ही म्हणाल, ग्रीकांच्या गोष्टीने आपल्याला का झोडता? आपल्या देव्या वेगळ्या आहेत. आहेतच. म्हणून शेवटी एक तुलना.

ग्रीक नाटककार एस्किलसच्या एका नाटकात ओरेस्टिसवर खटला चालतो. बापाचा सूड म्हणून त्याने आईला मारलेलं असतं. पंचांची मतं समसमान होतात. निर्णायक मत असतं अथेनेचं आणि ती ते देते मुलाच्या बाजूने. का? तर मला आई नाही, मी बापाच्या मस्तकातून जन्मले, म्हणून मी बापाच्या बाजूची. मुलगा सुटतो. ज्या देवीला बायकांनी एका मताने जिंकवलं, तिचं एक मत आईच्या विरुद्ध पडलं.

तशीच गोष्ट आपल्याकडे आहे. रेणुका पाण्याला गेली, क्षणभर तिचं मन विचलित झालं, एवढ्यावर जमदग्नींनी मुलाला सांगितलं, आईचा शिरच्छेद कर. परशुरामाने आज्ञा पाळली, मग वर मागून आईला जिवंत केलं. पोथीत मुलाच्या आज्ञाधारकपणाचं कौतुक आहे. पण लोकांनी काय केलं? माहूरच्या गडावर जा. तिथे रेणुकेचं फक्त मुख आहे, आणि रांग लागते ती त्या मुखाच्या दर्शनासाठी. साडेतीन शक्तिपीठांतलं ते एक. जिचं डोकं उडवलं, त्याच डोक्यापुढे लोकांनी डोकं टेकवलं. कोर्ट नाही, पंच नाहीत, पण साध्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत जाऊन आईच्या बाजूने मत दिलं.

हे मत आपलं आहे. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची कुलदेवी तीच आहे. प्रश्न एवढाच की गडावर दिलेलं मत आपण घरात आणि शेडमध्ये का फिरवतो?

तुमच्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत याच पट्ट्यात इंटर्न, ट्रेनी म्हणून उभे राहाल. पहिल्या दिवशी कँटीनचा मेनू विचारताच. सोबत पाळणाघर, अंतर्गत समिती आणि बस यांचंही विचारा. मुलग्यांनो, हे प्रश्न तुम्हीही विचारा. मुलींनी विचारले की ‘आल्या आल्याच कटकट’ म्हणतात, तुम्ही विचारलेत की त्याला ‘चौकशी’ म्हणतात. आपल्याला मिळालेली ही सवलत एकदा तरी चांगल्या कामाला लावा.

आणि रांगोळीबद्दल म्हणाल, तर त्यात कमीपणा काही नाही. यंदा ज्याला येते त्याने काढावी, सुपरवायझरला येत असेल तर त्यानेही. फक्त आरतीचं ताट, ज्याचं मशीन त्याच्या आणि जिचं मशीन तिच्या हातात द्या. भिंतीवरच्या देवीच्या आठही हातांत काही ना काही आहे. खाली उभ्या असलेल्या मुलीला दोनच हात आहेत, ते तरी रिकामे ठेवू नका.