हसता हसता...



यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना माझ्या लहानपणची आवडती मालिका दाखवायला घेतली. ‘हम पांच’. १९९५ साली ती झी टीव्हीवर सुरू झाली, तेव्हा आम्ही वसमतला राहत होतो. हिंगोली जिल्हा व्हायचा होता. तो झाला १ मे १९९९ ला. तोवर आम्ही परभणी जिल्ह्यातलेच. गल्लीत केबल असलेली दोन-तीन घरं. शेजारच्या काकूंकडे आम्ही तिघी बहिणी जाऊन बसायचो. अडतीवर मुनीम असलेले अण्णाही दुकान बंद करून यायचे. आपले अशोक सराफ हिंदीत काम करतात, याचंच केवढं अप्रूप!

पाच मुलींचा बाप आनंद माथुर, त्याची दुसरी बायको बीना, आणि भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी बोलणारी दिवंगत पहिली बायको. आम्हाला भाऊ नाही. घरी येणारी प्रत्येक बाई ‘तिन्ही पोरीच का?’ म्हणून सुस्कारा टाकायची. आणि पडद्यावर तर पाच जणी घर डोक्यावर घेत होत्या! आम्हाला ते घर आपलं वाटायचं. अण्णा हसून म्हणायचे, “माझं बरं आहे, माझ्या दोन कमीच आहेत.” सगळे हसायचे. आम्हीही.

आता माझी लेक तेरा वर्षांची आहे, मुलगा दहाचा. राधिकाची भूमिका काही काळ विद्या बालनने केली होती, हे कळल्यावर दोघांना मौज वाटली. राधिकाला कमी ऐकू येतं, ती कानाला यंत्र लावते, भलतंच ऐकते. मुलगा खो खो हसला. मग थोरली मीनाक्षी आली. ही स्त्रीमुक्तीवाली. ती हक्कांबद्दल बोलू लागली की घरातले वैतागतात आणि बघणाऱ्याला हसू येतं. लेक माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, ही तर तुझ्यासारखंच बोलायली. मग हिला हसायलेत का?”

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. कारण लहानपणी मीनाक्षीला मीही पोट धरून हसले होते. पुढे एम.एस.डब्ल्यू. करून गावोगावी बैठका घेऊ लागले, तेव्हा पारावरून ‘आल्या स्त्रीमुक्तीवाल्या’ म्हणत उठणारं हसू मला ओळखीचं वाटलं. आमची चेष्टा काही एका मालिकेने सुरू केली नाही. पण ती चेष्टा घरात, जेवणाच्या ताटासमोर बसून करायची सवय आपल्याला अशाच गोष्टींनी लागली.

फोटोतली बायको होत्या प्रिया तेंडुलकर. १९८५ साली दूरदर्शनवर ‘रजनी’ बनून त्यांनी अडवणूक करणाऱ्यांना जाब विचारला होता. ‘कोण तुम्ही विचारणाऱ्या?’ असं कुणी म्हटलं तरी मागे न हटणारी ती गृहिणी. दहा वर्षांनी त्याच प्रियाताई चौकटीत होत्या. बोलणं तितकंच धारदार, पण ऐकायला फक्त नवरा. त्यांचं काम आजही आवडतं, पण आता ती चौकट डोळ्यांत खुपते.

पडद्यावर पाच मुली बागडत होत्या त्याच काळात गर्भलिंगनिदान तालुक्यांपर्यंत पोचत होतं. त्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा. तो देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४ ला मंजूर झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या. आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात तर ८०७.

हे विनोदामुळे झालं, असं मी म्हणत नाही. पण कळमनुरी तालुक्यातली एक बाई मला विसरता येत नाही. दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. घरात मारहाण नाही, शिवीगाळ नाही. फक्त दीर रोज जेवताना विचारायचा, “वहिनी, टीम करायलात का?” आणि सगळं घर हसायचं. ती म्हणाली, “ताई, मारलं असतं तर कुणाला सांगता तरी आलं असतं. हसल्याचं काय सांगावं?”

कायद्यात या हसण्यालाही कलम आहे: मुलगा नाही म्हणून केलेला उपहास कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा छळच मानतो. पण त्याकडे आधी आपल्यालाच बघावं लागेल.

मग मालिका बंद करायची का? मी केली नाही. याच मालिकेत मुलांसारखे कपडे घालून दादागिरी करणारी, ‘भाई’ म्हणवून घेणारी काजल होती. तिच्यासारखे केस कापून आल्याबद्दल माझ्या मधल्या बहिणीने आईचा मार खाल्ला, पण केस वाढवले नाहीत. त्या घरात रोज हरायचा तो बाप, मुली नव्हेत. हेही आम्ही तिथेच पाहिलं. आणि बायकांच्या चळवळीला विनोदाचं वावडं आहे, हे तर साफ खोटं. १९८३ साली स्त्रीमुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं आणि मुलगी नको म्हणणाऱ्यांनाच हसायला लावलं. तिथे हसू जाच करणाऱ्यावर होतं, जाच सोसणारीवर नव्हे. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

आता आम्ही मालिका बघताना मधेच थांबवतो आणि एकमेकांना विचारतो, आत्ता आपण कुणाला हसलो? मुलगा परवा स्वतःहून म्हणाला, “आमच्या वर्गातल्या पोराच्या कानालाबी यंत्र आहे. त्याला मी हसत नाही.” थोडं थांबून म्हणाला, “आधी हसलो होतो.”

गेल्या आठवड्यात अण्णा आले होते. मालिका चालू दिसताच त्यांना जुनं वाक्य आठवलं, “माझ्या दोन कमीच होत्या.” लेकीने विचारलं, “आजोबा, पाच असत्या तर काय झालं असतं?”

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काही नाही, बाई. लोक बोलायचे, म्हणून मीच आधी हसून घ्यायचो.”

तीस वर्षांत हे मला कधी कळलं नव्हतं. आपल्या घरातलं हसू कुणाच्या जिवावर उभं आहे आणि कुणाची भीती झाकतं आहे, हे आपण एकदा मुलांना सोबत घेऊन तपासू या. तुमच्या घरात, गावात ऐकलेले असे विनोद आणि त्यांना तुम्ही दिलेली उत्तरं आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.