पहिला वाटा रानाच्या धन्याचा

निसर्गरक्षणासाठी निधी उभारावा आणि त्याकरिता शहरातील हौशी मंडळींना, जाणकार वाटाड्या बरोबर देऊन, कोणाच्या तरी खाजगी मालकीच्या रानातून हिंडवून आणावे, हा प्रघात आपल्याकडेही रुजू पाहत आहे, आणि ज्याला झाडापाखरांविषयी थोडीही आस्था आहे तो त्याचे स्वागतच करील. स्वागत करावे असे मलाही वाटते. मात्र अशा सहलीतून जी रक्कम जमा होते तिच्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न सहलीची तारीख ठरण्यापूर्वीच निकालात निघावयास हवा. माझ्या मते तो हक्क निधी जमविणाऱ्या संस्थेचा नव्हे. ज्याने आपले रान तोडावयास दिले नाही, त्या रानाच्या धन्याचा आहे.

संगमेश्वर-देवरूखच्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्याशी जे घनदाट रान दृष्टीस पडते, ते वनखात्याचे असावे अशी परक्या माणसाची सहज समजूत होते. वास्तविक रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अत्यल्प असून उतारावरची बहुतेक हिरवाई शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरची आहे. खोतीच्या अमदानीत डोंगरावर खोतांची आणि कुळांची वहिवाट राहिली, भाताच्या रोपांसाठी राब भाजावयाचा तर ऐन-किंजळाच्या फांद्या आणि पालापाचोळा हवाच, म्हणून वरकस जमिनीवर झाडे राखली गेली, आणि 1949 च्या कायद्याने खोती संपुष्टात आली तरी या उतारांची मालकी खाजगीच राहिली. सारांश, कोकणातील धनेश, शेकरू, खवल्या मांजर यांचे भवितव्य वनखात्याच्या कचेरीत जेवढे ठरते, त्याहून अधिक एखाद्या कौलारू घराच्या पडवीत ठरते.

तेथे ते कसे ठरते, हे समजून घेण्यासारखे आहे. मुलीचे लग्न निघते, घराचे छप्पर बदलावयाचे असते, किंवा मुंबईच्या इस्पितळात कोणी दाखल होते. नेमक्या अशा वेळी ठेकेदाराचा निरोप येतो, आणि अख्खा उतार उक्ता विकला जातो. झाड मोजून भाव ठरत नाही. या वहाळापासून त्या बांधापर्यंत, असा तोंडी सौदा होतो, पावसाळ्यापूर्वी तोड आटोपते, आणि जळाऊ लाकूड व कोळसा यांच्या रूपाने ते रान घाटावर किंवा कारखान्यांच्या भट्ट्यांकडे रवाना होते. खुंटांना पुन्हा धुमारे फुटतात, दहापंधरा वर्षांत उतार पुनश्च हिरवा दिसू लागतो, आणि दुसरी तोड होते. परंतु जुनी, पोकळ, ढोलीची झाडे एकदा गेली म्हणजे एका माणसाच्या हयातीत परत येत नाहीत. यात त्या शेतकऱ्याला दुष्ट ठरविणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. उभ्या रानाचे त्याला काहीच मिळत नसेल आणि आडव्या रानाचे रोख पैसे मिळत असतील, तर त्याने दुसरा कोणता हिशेब करावा?

कायद्याने हा प्रश्न सुटेल अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याने अनुसूचीतील झाडांना परवान्याचे संरक्षण दिले, 1975 च्या कायद्याने खाजगी वने सरकारकडे घेण्याची तरतूद झाली, आणि 2011 मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रांचा आराखडा मांडला. या प्रत्येकाच्या मागचा हेतू प्रशस्त होता. परंतु 1975 च्या कायद्याचे एक शल्य कोकणच्या माणसाच्या मनात अद्याप आहे: जमिनीवर फार झाडी दिसली तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात वनाची नोंद पडेल आणि वडिलार्जित जमीन हातची जाईल. या भीतीपोटी कित्येकांना रान राखण्यापेक्षा ते साफ करून काजू किंवा आंबा लावणे अधिक निर्धोक वाटते. पुढे 2002 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात समुदाय राखीव क्षेत्राची सोय झाली, जीत जमीनमालकाने स्वेच्छेने पुढे यावयाचे असते. परंतु ज्याला सरकारदरबारी कागद नेण्याचाच धसका आहे, तो स्वेच्छेने पुढे येणार कसा? म्हणूनच, जिच्यात कोणाची मालकी जात नाही आणि तरीही उभे रान चार पैसे मिळवून देते, अशी मधली वाट हवी आहे. आणि वाटाड्यासह निघणारी निसर्गसहल ही तशी वाट होऊ शकते.

खाजगी फाटक सार्वजनिक कार्यासाठी उघडण्याची कल्पना जगाला नवी नाही. इंग्लंडमध्ये घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता, तेव्हा 1927 मध्ये खाजगी बागांच्या धन्यांनी माणशी एक शिलिंग घेऊन आपल्या बागा लोकांना खुल्या केल्या. त्या वर्षी 609 बागा उघडल्या गेल्या, 8,000 पौंडांवर रक्कम जमली, आणि नॅशनल गार्डन स्कीम या नावाने ती योजना आजही चालू आहे. आपल्याकडील आयोजकांच्या डोळ्यांपुढे कळत-नकळत हाच नमुना असतो: धन्याने औदार्याने जागा द्यावी, पाहुण्यांनी वर्गणी द्यावी आणि रक्कम सत्कार्याकडे जावी. परंतु त्या इंग्रज धन्याला शिलिंगाची गरज नव्हती. तो बाग तोडून कोळसा विकणार नव्हता. आपल्या रानाच्या धन्याला मात्र पैशाची गरज आहे, आणि रानाला धोका आहे तो नेमका त्या गरजेचा. ज्याच्या गरजेने कुऱ्हाड चालणार, त्यालाच दाता ठरवून हात हलवीत परत पाठविणे, आणि त्याच्याच झाडाखाली जमविलेला पैसा शहरातील कचेरीच्या खर्चात जिरविणे, याला संवर्धन म्हणवत नाही.

देवरूख परिसरात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने खाजगी रानांच्या मालकांशी संवर्धनाचे करार करण्याचा जो मार्ग धरला, तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो. उभ्या झाडाचे मोल काय असते, हे पाहण्यासाठी जुन्या बेहड्याचेच उदाहरण घ्या. त्याचे लाकूड हलके, आतून पोखरलेले. ठेकेदाराच्या लेखी ते केवळ जळण. परंतु त्याच पोकळीत धनेशाची मादी शिरते, विष्ठेने व चिखलाने तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते, आणि राहिलेल्या बोटभर फटीतून नर तिला, आणि पुढे पिलांनाही, आठवडेच्या आठवडे फळे भरवितो. अशा झाडाच्या बुंध्याशी खाली पाहावे: पाचोळ्यात निरनिराळ्या फळांच्या बिया विखुरलेल्या असतात, काहींना कोंब फुटलेले असतात, आणि त्यांतल्या कित्येकांची झाडे आसपास कोठेही नसतात, पाखराने त्या बिया दूरच्या रानातून आणलेल्या असतात. आपल्या हद्दीतील एका निरुपयोगी झाडाखाली अख्ख्या डोंगराची रोपवाटिका लागलेली आहे, हे धन्याने पाहुण्यांना कोयत्याच्या टोकाने पाचोळा सारून दाखवावे, याहून चांगला धडा कोणते व्याख्यान देईल? त्याच बेहड्याचे फळ त्रिफळाचूर्णासाठी विकले जाते. म्हणजे उभ्या झाडाच्या खात्यावर दोन जमा होतात: एक फळाची आणि एक पाहुण्यांच्या वर्गणीची.

ही दुसरी रक्कम किरकोळ असेल, असे कोणी म्हणेल. समजा, एका फेरीस 15 माणसे, माणशी 600 रुपये आणि हंगामात 10 फेऱ्या, असा बेत केला, तर 90,000 रुपये होतात. त्यांतील निम्मे रानाच्या धन्यास, पाव हिस्सा वाटाड्यास आणि जेवण रांधणाऱ्या घरास, व उरलेला पाव संस्थेच्या कामास, अशी वाटणी केली तर धन्याच्या पदरी सालास 45,000 आणि दहा वर्षांत साडेचार लाख पडतात. ठेकेदाराची रक्कम एकदाच येते आणि लग्नाच्या मांडवाबरोबर संपते. ही रक्कम दर साल येते आणि रानही शाबूत राहते. मंडणगड तालुक्यातील वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून समुद्रकासवांची घरटी राखली आणि 2006 पासून कासव महोत्सव भरविला, तेव्हा पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले, जेवणाचे पैसे गावातच राहू लागले, आणि जी अंडी पूर्वी खाल्ली-विकली जात, तीच राखण्यात गावाला अभिमान वाटू लागला. किनाऱ्यावर जे साधले ते डोंगरउतारावर साधू नये, असे कोठे लिहून ठेवलेले नाही.

पैशाचा शिरकाव झाला की पावित्र्य संपते, हा आक्षेप मला फारसा मातब्बर वाटत नाही, कारण ठेकेदाराच्या रूपाने पैसा त्या रानात केव्हाच शिरलेला आहे. गर्दीचा आक्षेप मात्र खरा आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावर एवढी झुंबड उडाली की दिवसाची प्रवेशसंख्या 3,000 वर बांधावी लागली. कुंपण घातले गेले, आणि गुरांची चराई थांबल्याने फुलांचेच नुकसान होते अशी ओरड झाल्यावर ते काढावेही लागले. खाजगी रानाचा फायदा हा की तेथे दाराशी धनी उभा असतो. त्याने पंधराच्या वर सोळावा माणूस घेऊ नये, आणि आयोजकाने त्याला तसा आग्रह करू नये. विणीच्या दिवसांत ढोलीपासून लांब थांबावे, पाखराला बोलाविण्यासाठी ध्वनिमुद्रित शीळ वाजवू नये, कंदीलपुष्पाचे किंवा आमरीचे ठिकाण छायाचित्रासह जगजाहीर करू नये. कोकणच्या सड्यावर फुरसे आहे, तेव्हा सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या आरोग्य केंद्रात मिळते याची चौकशी आदल्या दिवशी झालेली असावी. कोणास इजा झाल्यास जबाबदारी धन्याची नव्हे, आयोजकाची, हेही कागदावर यावे.

आणि कागद हवाच. एकेका सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावे असतात, निम्मे हिस्सेदार डोंबिवली-विरारला असतात, आणि गावी राहणाऱ्या एकाच भावाशी तोंडी बोलणे करून सहल नेली तर पुढच्या गणपतीत त्या घरात भांडण ठरलेले. तेव्हा सर्व हिस्सेदारांच्या संमतीने रान राखण्याचा दहा वर्षांचा करारनामा व्हावा, मालकी अबाधित असल्याचे त्यात पहिल्याच कलमात नमूद असावे, मोबदला बँकेच्या खात्यात जमा व्हावा, आणि तोड झाल्यास तो थांबावा. वर्षअखेरीचा जमाखर्च गावच्या चावडीवर आणि पाहुण्यांच्या हाती, दोन्हीकडे एकच असावा.

निधीसाठी सहल काढणाऱ्या संस्थांना माझे एवढेच मागणे आहे की माणशी वर्गणीतून रानाच्या धन्याला किती मिळाले, हा आकडा त्यांनी पावतीवरच छापावा. तो निम्म्याहून कमी असेल तर पाहुण्यांनी कारण विचारावे, आणि तेथे शून्य असेल तर ती सहल खुशाल करावी, परंतु तिला संवर्धनाचे नाव देऊ नये.